घसरलेलं चलन कधी तारतं, कधी बुडवतं

2 जुलै 1997 रोजी थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने हात टेकले. डॉलरमागे साधारण 25 वर वर्षानुवर्षं बांधून ठेवलेला बाट (थायलंडचं चलन) तिने मोकळा सोडला. पुढच्या जानेवारीत एका डॉलरला 50 हून अधिक बाट पडू लागले.

पुस्तकी हिशेबाने हे थायलंडच्या पथ्यावर पडायला हवं होतं. चलन घसरलं की देशाचा माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडतो, आयात महागते आणि बाहेरून आलेला धक्का विनिमय दर अंगावर घेतो; कारखाने, नोकऱ्या तगतात. (लगेच नाही. आयात आजच महागते, निर्यातीच्या नव्या मागण्या यायला महिने जातात. म्हणून व्यापारतूट आधी वाढते, मग उतरते.)

झालं उलटंच. 1998 मध्ये थायलंडची अर्थव्यवस्था 7 टक्क्यांहून जास्त आकसली, इंडोनेशियाची तर 13 टक्क्यांच्या आसपास.

गोम कर्जात होती. देशातलं व्याज चढं, डॉलरचं कमी, आणि दर तर बांधलेलाच. मग थाई कंपन्यांनी डॉलरमध्ये उचल केली. 10 लाख डॉलरचं कर्ज 25 च्या दराने अडीच कोटी बाट होतं, 50 च्या दराने पाच कोटी. कमाई मात्र बाटमध्येच. नवी दमडी न उचलता कर्ज दुप्पट! स्थिर दर मोडतो त्या दिवसाला सगळे दोष देतात. मला वाटतं, नुकसान तो टिकून असतानाच साचत गेलं होतं.

त्याच धक्क्यात ऑस्ट्रेलियाचीही आशियाई गिऱ्हाइकं आटली, त्याचाही डॉलर घसरला. तरी 1998 मध्ये अर्थव्यवस्थेची वाढ 4 टक्क्यांहून जास्त राहिली. परदेशी देणी तिथेही थोडीथोडकी नव्हती, पण बरीचशी स्वतःच्या चलनात किंवा दराच्या चढउतारापासून आधीच सुरक्षित केलेली. दर 1983 पासून तरता, म्हणजे बाजारावर सोडलेला असल्याने जोखीम सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. मध्यवर्ती बँकेनेही चलन सावरायला व्याजदर वाढवले नाहीत. शेजारच्या न्यूझीलंडने मात्र पतधोरण आवळलं, म्हणजे व्याजदर चढू दिले. त्यात दुष्काळ पडला आणि 1998 मध्ये तिथे मंदी आली.