नाशिकमध्ये कुत्र्याचा परवाना: कागद, लस आणि हातातला पट्टा

नाशिक महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायचा तर त्याची नोंद करून परवाना घ्यावा लागतो. हे काम पशुसंवर्धन विभागाकडे असतं. अर्ज भरणं अवघड नाही. अडतं ते बहुतेक वेळा एकाच कागदावर, तो म्हणजे रेबीजच्या लसीचा दाखला.

आधी हद्द बघा. देवळाली कॅम्पमध्ये राहत असाल तर तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, महापालिका नाही. शहराच्या कडेच्या काही वसाहती अजून ग्रामपंचायतीत आहेत. शंका असेल तर घरपट्टीची पावती काढा. ती ज्यांची, हद्द त्यांची.

अर्ज घरातल्या सज्ञान माणसाच्या नावाने करा आणि लसीच्या पुस्तिकेवर मालक म्हणून तेच नाव असू द्या. पुस्तिका मुलाच्या नावावर आणि आधार वडिलांचं, असं झालं की परत फेरी पडते. ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्याचंच नाव राहिलं असेल, तर डॉक्टरांकडून आधीच दुरुस्त करून घ्या.

रेबीजची पहिली लस साधारण 3 महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढं ठरलेल्या तारखेला, सहसा दरवर्षी. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचा दाखला मिळणारच नाही, त्यासाठी थांबावं लागेल. शिवाय 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणं नियमात बसत नाही. इतकं लहान कोणी देत असेल तर घेऊ नका.

दाखला हातात आला की तिथंच वाचा. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबर आणि मुदतीचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवलेलं हवं. शेजारी लस दिल्याची तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने ‘एआरव्ही’ (म्हणजे रेबीजविरोधी लस) लिहून तारीख टाकलेली असेल तर त्यावरून नेमकी कोणत्या बॅचची लस दिली हे कळत नाही. जात, रंग, लिंग हे रकाने रिकामे राहिले असतील, तर हा दाखला याच कुत्र्याचा हे ठरवायला आधार उरत नाही. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा 15 अंकी क्रमांकही तिथंच लिहून घ्या.

बाकी कागद सोपे आहेत: आधार कार्ड, पत्त्यासाठी घरपट्टी किंवा वीजबिल, कुत्र्याचा स्पष्ट फोटो, नसबंदी झाली असेल तर तिचा दाखला. भाड्याने राहत असाल तर चालू मुदतीचा नोंदणीकृत करार लागेल. मूळ प्रती दाखवा, झेरॉक्स द्या, शुल्काची पावती जपून ठेवा. नूतनीकरणाला जाताना लसीची तारीख उलटलेली नको, म्हणून आधी दवाखाना, मग कार्यालय.

परवाना मिळाला म्हणजे कुत्रा गल्लीत मोकळा सोडायची मुभा मिळाली, असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आमचा काही करत नाही’ हे मालकाला माहीत असतं, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्या आजींना नाही.

पट्टा 4 ते 6 फुटांचा पुरे. आपोआप लांबणारी दोरी रस्त्यावर नको. कुत्रा झेपावला की दोरी सरसर सुटते आणि हाताने धरायला जावं तर तळवा कापतो. गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवा. जास्त सैल असेल तर कुत्रा मागं सरकून मान काढून घेतो, आणि फटाक्यांच्या दिवसांत असेच कुत्रे पळतात. हुकाची स्प्रिंग पावसाळ्यात गंजते. खटका पूर्ण बंद होतो ना, हे रोज अंगठ्याने दाबून पाहा. गळपट्ट्यावर फोन नंबरची पट्टी हवीच.

घरी दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणं हा उपाय नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळी हा गुन्हा आहे, आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाही. रात्री अंगणात तर बांधूच नका. दारणा नदीकाठच्या ऊसपट्ट्यातून बिबट्या वस्तीत येतो आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

कुत्रा कोणाला चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायला लावा आणि त्या व्यक्तीला लगेच रुग्णालयात न्या. सोबत लसीची पुस्तिका घ्या. मात्र कुत्र्याला लस दिली आहे म्हणून माणसाचं इंजेक्शन टाळू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. कुत्र्याला 10 दिवस घरात वेगळं ठेवा. खाणं सोडलं, लाळ गळू लागली, वागणं बदललं किंवा तो दगावला, तर पशुवैद्यकाला आणि ज्याला चावला त्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.