चिनी वाहनांच्या नंबर प्लेटवरील प्रांतखुणा

चीनच्या मुख्य भूमीवरील वाहनाच्या पाटीवर सुरुवातीला एक चिनी अक्षर, त्याला लागून एक रोमन अक्षर, मग टिंब आणि पुढे पाच अंक-अक्षरे असतात. पहिले अक्षर प्रांताचे, दुसरे त्यातल्या शहराचे किंवा विभागाचे. १९९२च्या मानकापासून चालत आलेल्या या पद्धतीत प्रांत, स्वायत्त प्रदेश आणि केंद्रशासित महानगरे मिळून ३१ खुणा आहेत.

आपल्याकडे ‘एमएच’ हे महाराष्ट्राच्या नावातूनच आले. चीनमध्ये तसा अंदाज बांधणारा फसतो, कारण अनेक खुणा जुन्या राज्यांच्या आणि नद्यांच्या नावांवरून घेतल्या आहेत. शानडाँगची खूण ‘लू’, म्हणजे तत्त्वज्ञ कन्फ्यूशिअस जिथला, ते प्राचीन राज्य. हुनानची ‘श्यांग’ आणि जियांग्शीची ‘गान’ ही त्या त्या प्रांतातल्या नद्यांची नावे. शांघायच्या ‘हू’चे मूळ बांबूच्या मासेमारी साधनात सांगतात. हनानच्या ‘यू’ अक्षराचा उजवा भाग म्हणजे ‘हत्ती’. या भागात एके काळी खरोखरच हत्ती होते. सिचुआनचे ‘च्वान’ सर्वांत सोपे: वाहत्या पाण्यासारख्या तीन उभ्या रेघा.

या जुन्या नावांची एक सोय आहे. शान्शी नावाचे दोन शेजारी प्रांत आहेत. चिनीत फरक फक्त सुराचा, देवनागरीत तर तोही उरत नाही. पाटीवर मात्र एकाची खूण ‘जिन’, दुसऱ्याची ‘शान’. उलट १९९७मध्ये सिचुआनमधून वेगळ्या झालेल्या चोंगचिंगला ‘यू’ मिळाले. उच्चार जवळपास हनानच्या खुणेसारखाच, पण अक्षर वेगळे, त्यामुळे वाचताना घोळ होत नाही.

रोमन अक्षरांत ‘ए’ बहुधा प्रांताच्या राजधानीला जाते. ग्वांगडाँगची खूण ‘युए’. ‘युए ए’ म्हणजे ग्वांगचौ, ‘युए बी’ म्हणजे शेनझेन. जियांग्सूचे ‘सू’ हे अक्षर सूचौ शहराच्या नावातही आहे, पण ‘ए’ राजधानी नानजिंगकडे आणि सूचौच्या वाट्याला ‘ई’! हाँगकाँग-मकाऊहून मुख्य भूमीवर येणाऱ्या गाड्यांना ‘युए झेड’ची काळी पाटी मिळते. तिच्या शेवटी हाँगकाँगसाठी ‘गांग’ किंवा मकाऊसाठी ‘आओ’ हे अक्षर असते.

रंगही बोलतो. साध्या मोटारींची पाटी निळी, मोठ्या वाहनांची पिवळी. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांना २०१६पासून हिरवी पाटी मिळू लागली. तिच्यावर टिंबापुढे पाचऐवजी सहा अंक-अक्षरे असतात. त्यांतला ‘डी’ निव्वळ विजेची गाडी दाखवतो, तर ‘एफ’ प्लग-इन हायब्रिडसारखी, म्हणजे चार्ज करता येणारी पण इंधनावरही चालणारी.

मोठ्या शहरांत पाटी मिळवणे हेच एक काम आहे. बीजिंगमध्ये २०११पासून सोडत निघते, शांघायमध्ये लिलाव होतो. शांघायच्या उपनगरांसाठीची ‘हू सी’ पाटी लिलावाविना मिळते, पण ती लावलेल्या गाडीला बाह्य वर्तुळमार्गाच्या आत प्रवेश नाही.