पेन्शनचा भार कमावत्यांवर कसा आला

३१ जानेवारी १९४० रोजी अमेरिकेत इडा मे फुलर या निवृत्त सेक्रेटरी बाईंच्या नावे सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेचा पहिला मासिक चेक निघाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांच्या पगारातून तोवर कापले गेले होते जेमतेम २४ डॉलर ७५ सेंट. म्हणजे दुसऱ्याच चेकला सगळं वसूल! बाई १०० वर्षं जगल्या आणि एकूण २२ हजार डॉलरहून जास्त पेन्शन घेतली.

हा पैसा त्यांनी साठवलेला नव्हता. तो येत होता तेव्हा नोकरीवर असलेल्यांच्या पगारातून. आजच्या कमावत्यांनी आजच्या म्हाताऱ्यांचं बघायचं, या कमावत्यांचं पुढची पिढी बघेल, असा हा हिशोब.

मुळात चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये कायदा केला तेव्हा पेन्शनचं वय होतं ७०. तिथवर पोचणारे कामगार थोडेच. १९१६ मध्ये ते ६५ झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं भरपूर जन्मली, नोकऱ्याही होत्या, त्यामुळे सरकारांचा हात सैल सुटला. जर्मनीने १९५७ मध्ये पेन्शन थेट पगारवाढीशी जोडली.

मग जन्मदर घसरला, आयुष्य लांबलं. अमेरिकेत १९५० मध्ये एका लाभार्थ्यामागे सोळा जण पैसे भरत होते, १९६० मध्ये पाच, आता तीनही नाहीत. (सुरुवातीचे आकडे थोडे फसवे आहेत; योजना नवी, म्हणून घेणारे कमी.) १९३७ मध्ये पगारातून १ टक्का जायचा, आज अपंगत्व विमा धरून ६.२ टक्के जातात, आणि मालक तेवढेच भरतो.

कपात वाढवून भागेना तेव्हा वय वाढवलं. अमेरिकेने १९८३ मध्ये आणि जर्मनीने २००७ मध्ये टप्प्याटप्प्याने ६७ ठरवलं. २०२३ मध्ये फ्रान्सने ६२ चं ६४ करायचं ठरवताच लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा राग मला तरी समजतो. टेबलावर बसून काम करणाऱ्याची दोन वर्षं आणि ओझी उचलणाऱ्याची दोन वर्षं सारखी नसतात.

जपानची गत आणखी वेगळी. लोकसंख्येत पासष्टीपुढच्यांचा वाटा ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली, जपानला १९७० ते १९९४ ही चोवीस. २००० पासून तिथे चाळिशीपुढच्या प्रत्येकाला वृद्धांच्या शुश्रूषेसाठी विम्याचा हप्ता भरावा लागतो. तरीही घरच्या म्हाताऱ्यांचं करण्यासाठी वर्षाला सुमारे एक लाख लोक नोकरी सोडतात. त्यांचा पगार तर जातोच, शिवाय वर्गणी थांबल्याने त्यांची स्वतःची पेन्शनही आटते.