बोटीच्या पोटातली हिरवी वायर

"सर, हा स्पीकर पाण्याखाली कशाला लावलाय?"

वायरमन बोटीखाली उताणा पडून विचारत होता. दाभोळच्या खाडीकाठी, पावसाळ्याआधी झापांनी शाकारून ठेवलेल्या होड्यांच्या रांगेत माझ्या मित्राने हौसेने घेतलेली जुनी शिडाची बोट ओंडक्यांवर उभी होती. फायबरची, तीस फुटी, १९७०च्या दशकातली अमेरिकी बनावट. कागदपत्रं सगळी होती, वायरिंगचा नकाशा तेवढा नव्हता. वायरमन माझाच एके काळचा विद्यार्थी. घरांची आणि पंपांची कामं करणारा, हाताला चांगला. मित्राने त्याला बोलावलं आणि त्याने मला. तो दाखवत होता ती वस्तू म्हणजे तळहाताएवढी ब्राँझची वीट होती, अंगभर बारीक छिद्रं असलेली. स्पीकर नव्हता हे नक्की. काय होतं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नाही.

आत शिरल्यावर त्याने खिशातला टेस्टर काढला. बॅटरीच्या टोकांना लावला, दिवा लागला नाही. "डेड आहे," म्हणाला आणि पाना घेऊन नट सोडवायला वाकला. मी त्याचा हात धरला. टेस्टरमधला निऑन दिवा पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात आणि ही बॅटरी बारा व्होल्टची. मीटर लावला तर १२.४ दाखवत होता, म्हणजे बॅटरी चांगली पाऊण भरलेली. हे बारा व्होल्ट अंगाला झटका देत नाहीत, पण दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लालभडक होतो. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणजे ठिणगीला आयतं निमित्त.

नंतर रंगांचा घोळ. आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हे त्याच्या हाडात भिनलेलं. अमेरिकेत १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आणि त्याच अमेरिकी बोटीत बॅटरीच्या बाजूला काळी म्हणजे ऋण टोक. एकाच फळीमागे, हातभर अंतरावर, दोन काळ्या वायरी: धक्क्यावरची वीज जोडली असेल तर एक जिवावर बेतणारी, दुसरी निरुपद्रवी. म्हणून बॅटरी सोडवली, बाहेरची वीज नाही याची खात्री केली आणि प्रत्येक वायर मीटरने दोन्ही टोकांना शोधून तिच्यावर चिकटपट्टीचा नंबर लावला. दोन दिवस गेले. दुसरी पद्धत मला माहीत नाही, आणि कोणी सांगितली तरी मी ती वापरणार नाही.

हिरव्या वायरींपाशी मात्र तो अडला. हिरवी म्हणजे अर्थिंग, इथपर्यंत ठीक. पण या वायरी कुठल्याच उपकरणाला जात नव्हत्या. एक समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या कॉकला, एक इंजिनाला, एक सुकाणूच्या दांड्याला आणि सगळ्या मिळून बुडाला बाहेरून बोल्टने बसवलेल्या धातूच्या एका लगडीला. "नळाच्या कॉकला कोण अर्थिंग देतं?" त्याचा प्रश्न रास्त होता.

घराचं अर्थिंग करताना आपण खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतो, जमीन वीज वाहून न्यायला तयार व्हावी म्हणून. समुद्र तसा आधीपासूनच तयार असतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार त्यात विरघळलेले असतात. पण इथेच घर आणि बोट वेगळी होतात. घराखालची जमीन गप्प असते. बोटीखालचं पाणी स्वतःच बॅटरीचं द्रावण असतं आणि त्यात बुडालेले दोन वेगळे धातू एकमेकांशी जोडले गेले की बॅटरी चालू होते, कोणी बटण दाबो न दाबो.

त्याला पटेना. मग खाडीचं बादलीभर पाणी आणलं. त्यात एक जुना ब्राँझचा कॉक आणि जस्ताचा एक तुकडा सोडला, मीटरच्या दोन पिना दोघांना लावल्या. काटा पाऊण व्होल्टच्या आसपास थांबला. "म्हणजे ही बोट सेल आहे?" त्याने विचारलं. आहेच. व्होल्टाने १८०० साली जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या एकावर एक रचून जे केलं, तेच आपली बोट नांगरावर उभी राहून फुकटात करते.

या सेलमध्ये जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. जस्त पहिल्या गटातलं, ब्राँझ दुसऱ्या. लोखंड मधे कुठेतरी. म्हणून बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा, त्याचा शाफ्ट, कॉक असे सगळे महागाचे भाग हिरव्या वायरीने एका जस्ताच्या लगडीला बांधायचे. झीज व्हायचीच तर तिची होऊ दे. कॉक पितळेचा असेल तर आणखी पंचाईत, कारण पितळेतच तांब्याबरोबर जस्त असतं. समुद्र त्यातलं जस्त खाऊन टाकतो आणि मागे तांबूस, ठिसूळ सांगाडा उरतो. दिसायला कॉक तसाच, पण पाना लावला की हातात तुटून येतो आणि मागोमाग खाडी आत. एका कॉकला खरवडलं तर आत गुलाबी छटा दिसली. तो त्याच दिवशी काढायला लावला.

ही युक्ती दोनशे वर्षांची आहे. इंग्लंडच्या आरमारात लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारत. तो समुद्रात झिजे. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने सुचवलं की पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा. तांबं खरोखरच झिजायचं थांबलं. पण झिजणाऱ्या तांब्यातून पाण्यात मिसळणारं विषच शेवाळ आणि बुडाला चिकटणाऱ्या बार्नेकल नावाच्या कवचाच्या जिवांना दूर ठेवत होतं. तांबं वाचलं आणि बुडाला रान माजलं, जहाजं मंदावली. डेव्हीचा उपाय आरमाराने सोडून दिला, आणि पुढे लोखंडी जहाजं आली तेव्हा तोच कामाला आला. विज्ञानात बरोबर उत्तर कधी कधी चुकीच्या जहाजावर सापडतं.

आमच्या लगडीवर मात्र हिरवा तेलरंग चढलेला होता. मित्राने बूड रंगवून घेतलं तेव्हा रंगाऱ्याने मन लावून तिच्यावरही दोन हात मारले होते. रंगवलेल्या जस्ताला पाणी भेटत नाही, मग ते कोणाला वाचवणार? पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं. काढलंच आहे तर वजनही करू म्हणून मासळीच्या काट्यावर ठेवलं. एक किलो चारशे ग्रॅम.

एक धोका मात्र हिरव्या वायरीच घेऊन येतात. जिथे धक्क्यावर बोटी वीज जोडून उभ्या राहतात, तिथे सगळ्यांचं अर्थिंग एक होतं. शेजारच्या बोटीने जस्त बदललं नसेल तर ती आयत्या बिळावर नागोबा होऊन तुमच्या जस्तावर आपला पंखा वाचवते. त्यासाठी अर्थिंगच्या वाटेत डायोडचा एक डबा बसवतात. साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा दाब तो अडवतो, म्हणजे धातूंची आपापसातली कुजबुज थांबते, आणि खरा फॉल्ट आला तर वाट मोकळी करतो. हा डबा आमच्या बोटीत इंजिनामागे धूळ खात होता. वायरमन तो बिनकामाचा म्हणून काढून टाकणारच होता.

वायरी सोलताना त्याला आणखी एक आश्चर्य दिसलं: आतलं तांबं रुपेरी. त्याला वाटलं, ॲल्युमिनियम. मी म्हटलं, तुझ्या आजीकडे कल्हईवाला यायचा ना? ही कल्हई केलेली तार. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते, तशी खाऱ्या हवेत नुसती तांब्याची तार आतून काळी पडते. मधल्या कोणा मालकाने डोलकाठीवरच्या दिव्याला साधी घरगुती वायर ओढली होती, जाऊन-येऊन तीस मीटर, एक चौरस मिलिमीटरची. नवी असतानाही अशा तारेचा रोध अर्धा ओहम. २५ वॅटचा दिवा दोन अँपिअर घेतो, म्हणजे एक व्होल्ट वाटेतच गेला. २३० मधला एक व्होल्ट कोणी मोजत नाही. बारातला एक गेला की साध्या बल्बचा उजेड पाव हिश्श्याने उतरतो.

आणि ती ब्राँझची वीट? तिचा उलगडा वर पाहिल्यावर झाला. डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या पोलादी दोरावर दोन ठिकाणी पांढरे इन्सुलेटर होते. मधला तुकडा म्हणजे दूरच्या रेडिओचा एरियल. एरियलला जोडीला खाली जमीन लागते, आणि बोटीला जमीन म्हणजे समुद्र. वीट सच्छिद्र, कारण पाण्याला भेटणारा पृष्ठभाग वाढावा. तिच्याकडे जाणारी तांब्याची पट्टी बोटभर रुंद आणि कागदासारखी पातळ होती, त्यावर वायरमन हसला होता. पण रेडिओच्या १० मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला कोटीभर कंपनांना, विद्युतप्रवाह तांब्याच्या कातडीतूनच जातो, जेमतेम ०.०२ मिलिमीटर खोलीपर्यंत. जाड गोल वायरीचा गाभा तिथे रिकामाच राहतो. रेडिओ केव्हाच विकला गेला होता, वीट मागे राहिली.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. डिसेंबरात उधाणाच्या ओहोटीला ती धक्क्याच्या भिंतीला टेकवून बूड पाहिलं. पंखा आणि कॉक जसेच्या तसे. जस्त मात्र उंदराने कुरतडलेल्या साबणासारखं झालेलं. मित्र वैतागला, चार महिन्यांत ही गत? वायरमनने काही न बोलता लगड काढली आणि थेट मासळीच्या काट्याकडे गेला. एक किलो दोनशे.

दोनशे ग्रॅम. एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर साधारण पावणेअकरा किलो जस्त विरघळतं, हे फॅरडेच्या नियमावरून निघतं. वाळूवर काटकीने गणित मांडलं: चार महिने, दिवसरात्र, सुमारे ५५ मिलिअँपिअर. मोबाइल चार्ज होताना जेवढी वीज ओढतो त्याचा विसावा भाग. "मीटर नसता तरी चाललं असतं की, सर," तो म्हणाला आणि काटा कोळणीला परत देऊन आला.