डिकीतला सीडी चेंजर: लेन्स बदलण्याआधी एवढं पाहा

जुनी गाडी जपून वापरणारी मंडळी बेळगाव, निपाणी, खानापूरकडे अजून आहेत आणि त्यातल्या काहींच्या डिकीत सहा किंवा दहा सीडींचा चेंजर (आत भरलेल्या सीडी आळीपाळीने वाजवणारी पेटी) आजही वाजतो. गाणं मध्येच अडकायला लागलं की गॅरेजमध्ये पहिलं निदान ठरलेलं असतं: सीडीवर लेसरचा ठिपका पाडणारी लेन्स गेली. कधी ती खरंच गेलेली असते. पण माझं मत असं, की लेन्स बदलण्याआधी चेंजर बसवलाय कसा, ते आधी तपासावं.

सीडीवरचा आवाज एका लांबलचक सर्पिल रेषेत सूक्ष्म खळग्यांच्या रूपात कोरलेला असतो. या रेषेचे शेजारशेजारचे दोन फेरे एकमेकांपासून फक्त १.६ मायक्रोमीटरवर असतात. माणसाच्या केसाच्या जाडीत असे चाळीसेक फेरे मावतील. चकती आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० तर कडेला सुमारे २०० फेरे घेत असताना अवरक्त लेसरचा ठिपका याच रेषेवर टिकवायचा असतो. लेन्स चकतीला टेकत नाही. बारीक कॉइलमधून जाणाऱ्या विजेच्या जोरावर ती सतत वरखाली आणि डावी-उजवीकडे सरकत राहते आणि फोकस दोनेक मायक्रोमीटरच्या आत सांभाळते. चकती किंचित वाकडी असली तरी ती हे निभावते. जांबोटीच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचा दणका मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा असतो. तो आधीच शोषून घ्यावा म्हणून आतली सगळी यंत्रणा स्प्रिंगांवर आणि मऊ डँपरांवर तरंगती ठेवलेली असते.

बसवतानाच्या बहुतेक चुका इथेच होतात. नवा चेंजर कारखान्यातून येतो तेव्हा वाहतुकीत आतला भाग हलू नये म्हणून तो स्क्रूंनी जखडलेला असतो. बसवण्याआधी हे स्क्रू काढायचे, त्यांची भोकं सोबत दिलेल्या पट्ट्यांनी बंद करायची आणि स्क्रू जपून ठेवायचे, कारण चेंजर पुन्हा काढून कुठे पाठवायचा झाला तर ते लागतात. स्क्रू तसेच राहिले तर स्प्रिंगा असून नसल्यासारख्या होतात.

दुसरी गोष्ट कोनाची, आणि ती फार थोडे लोक बघतात. चेंजर आडवा, उभा आणि काही मॉडेलमध्ये तिरकाही बसवता येतो. पण पेटी फिरवली की यंत्रणेचं वजन स्प्रिंगांवर वेगळ्या दिशेने येतं. म्हणून पेटीच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा ताण बदलण्याची सोय आणि कोनाच्या खुणा असतात. ज्या कोनात पेटी बसवणार त्याच खुणेवर दोन्ही बाजू आणाव्या लागतात. आडव्यासाठी लावलेला चेंजर तसाच उभा ठोकला, तर यंत्रणा एका बाजूला झुकून अडणीला टेकते. स्प्रिंगला हलायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक हादरा सरळ लेन्सपर्यंत जातो. ओळखायची खूण सोपी आहे: पुणे-बंगळूर हायवेवर गाणं नीट वाजतं आणि गावच्या रस्त्याला वळलं की उड्या मारतं. असं होत असेल तर लेन्सवर खर्च करू नका, आधी कोन तपासून घ्या.

पेटी कार्पेटवर किंवा डुगडुगत्या प्लायवूडवर नको, ती पत्र्याला घट्ट हवी. पत्र्याला भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघायलाच हवं. तिथे पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप किंवा वायरी असू शकतात.

आपल्या भागात दवाचा त्रासही वेगळाच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. थंडीत पहाटे निघून चोर्ला घाटाने गोव्यात उतरलं, की गार पडलेल्या डिकीत खालची उबदार, दमट हवा शिरते. ती थंड लेन्सला लागली की तिच्यातली वाफ बारीक थेंब होऊन लेन्सवर बसते. लेसरचा प्रकाश विखुरतो आणि चेंजर चकती ओळखत नाही. बिघाड झालाच नसतो. मॅगझिन, म्हणजे सीडी भरायचा खोका, बाहेर काढून तासभर थांबलं की बहुधा ओल उडून जाते.

चकत्यांच्या बाबतीत मी कडक आहे. कागदी लेबल चिकटवलेली सीडी चेंजरमध्ये घालूच नये. बंद डिकीतल्या उन्हाने लेबलचा डिंक सुटतो, कागद वर येतो आणि चकती आत अडकते. एका ट्रेमध्ये एकच चकती ठेवावी. लहान ८ सेंटीमीटरच्या सीडी टाळाव्यात. पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी प्रकाश फार कमी परावर्तित करतात, त्यामुळे जुने चेंजर त्या बहुधा वाचत नाहीत. चकती पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे. गोल गोल पुसलं आणि ओरखडा रेषेच्या दिशेने गेला, तर सलग बरीच माहिती बुजते. ती भरून काढणं चेंजरला आडव्या ओरखड्यापेक्षा खूप जड जातं. उसाच्या हंगामात रस्त्यावर धूळ फार असते, तेव्हा मॅगझिनचं झाकण उघडं ठेवू नये.

वायरिंगचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. बॅटरीवरून थेट वायर ओढली असेल तर फ्यूज बॅटरीजवळच हवा आणि अर्थिंगसाठी रंग खरवडलेला स्वच्छ पत्रा. चेंजरची केबल जाड पॉवर वायरला खेटून नेऊ नये, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधली शिट्टी चढत असेल, तर तो आवाज आल्टरनेटरचा असतो. आधी अर्थिंगचा स्क्रू घट्ट करून पाहावा आणि नंतर केबलची वाट बदलावी.