पोकेमॉन : सदृश चालींचे वर्गीकरण

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत त्याच नावाच्या काल्पनिक प्राण्यांच्या लढतीसाठी वापरल्या जाणाऱ्या चालींची (मूव्हची) साम्यानुसार केलेली गटवारी. गेम फ्रीकने घडवलेले या मालिकेतील पहिले खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या हातातल्या खेळयंत्रावर आले. त्यांत १६५ चाली होत्या. नवव्या पिढीपर्यंत (खेळांच्या प्रत्येक नव्या संचाला पिढी म्हणतात) हा आकडा ९०० च्या पुढे गेला. इतक्या चालींत नावाचे, दृश्याचे आणि परिणामाचे साम्य वारंवार आढळते, आणि यांपैकी कोणते साम्य गटासाठी ग्राह्य धरायचे, हा या वर्गीकरणातील मुख्य प्रश्न आहे.

पहिल्या पिढीत प्रत्येक चालीची नोंद सहा बाइटांची असे : दृश्य, परिणामाचा क्रमांक, पॉवर (माऱ्याची ताकद), टाइप (नॉर्मल, फायर असा प्रकार), अचूकता आणि पीपी (चाल किती वेळा वापरता येते ती संख्या). पाउंड आणि स्क्रॅच या दोन्ही चालींचा टाइप नॉर्मल, पॉवर ४०, अचूकता १०० व पीपी ३५. नाव आणि पडद्यावरचे दृश्य वगळता त्यांत फरक नाही. टॅकल ही त्यांच्या शेजारची चाल मानली जाते, पण तेव्हा तिची पॉवर ३५ आणि अचूकता ९५ होती. १०० अचूकता तिला पाचव्या पिढीत आणि ४० पॉवर सातव्या पिढीत मिळाली.

फिजिकल आणि स्पेशल हा भेद सर्वांत परिचित आहे : फिजिकल चालीचा जोर पोकेमॉनच्या अटॅक या गुणावर, तर स्पेशल चालीचा स्पेशल या गुणावर ठरतो. २००६ पर्यंत तो चालीवरून नव्हे, तर टाइपवरून ठरे. नॉर्मल, फायटिंग, फ्लाइंग, पॉयझन, ग्राउंड, रॉक, बग आणि घोस्ट फिजिकल; फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, सायकिक, आइस आणि ड्रॅगन स्पेशल. ही विभागणी मुळात का झाली, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार गेम बॉयची स्मृती तोकडी असल्याने चालीगणिक वेगळी नोंद परवडली नाही. दुसऱ्या मतानुसार देहाचा मारा आणि निसर्गशक्तीचा मारा असा भेद रचनेतच अभिप्रेत होता. दोन्ही मतांत तथ्य असावे; मात्र टाइपचे अंतर्गत क्रमांक दुसऱ्या मताकडे अधिक झुकतात. फिजिकल टाइपना ० ते ८ मधले क्रमांक आहेत (६ हा बर्ड नावाच्या न वापरलेल्या टाइपचा), त्यानंतर ९ ते १९ रिकामे, आणि फायर थेट २० वर. प्रोग्रॅम टाइपचा क्रमांक २० हून लहान आहे का, एवढेच तपासतो. शिवाय २६ पर्यंतच्या क्रमांकांना पाच बिट पुरतात. म्हणजे त्याच आठ बिटांच्या बाइटात तीन बिट मोकळे होते आणि वेगळ्या खुणेसाठी जागा नव्हती असे म्हणणे कठीण जाते. दुसऱ्या पिढीत (१९९९) स्टीलला ९ आणि डार्कला २७ हे क्रमांक मिळाले, तेव्हाही ही सीमारेषा पाळली गेली.

या नियमाचा फटका काही पोकेमॉनना जबर बसला. फायर पंच, आइस पंच आणि थंडर पंच ही ७५ पॉवरची त्रयी ठोशांची असूनही स्पेशल ठरली. त्यामुळे हिटमॉनचॅनचा १०५ अटॅक तिच्या कामी येईना, कारण त्याचा स्पेशल जेमतेम ३५. उलट गेंगारला आपल्याच टाइपची शॅडो बॉल दुबळ्या अटॅकवर फेकावी लागे. चौथ्या पिढीत (डायमंड व पर्ल, २००६) हा भेद चालीला जोडला गेला, तेव्हा तिन्ही ठोसे फिजिकल आणि शॅडो बॉल स्पेशल झाली. मालिकेच्या इतिहासातील ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती म्हणावी लागेल.

परिणामावरून केलेली गटवारी खेळाडूंत रूढ आहे. मीन लुक, ब्लॉक आणि स्पायडर वेब तिन्ही प्रतिस्पर्ध्याला मैदान सोडू देत नाहीत. बॅरियर, अ‍ॅसिड आर्मर आणि आयर्न डिफेन्स या चाली पोकेमॉनचा डिफेन्स (बचावाचा गुण) दोन पायऱ्यांनी वाढवतात. हार्डन आणि डिफेन्स कर्ल मात्र वरवरच सारख्या : दोन्हींनी डिफेन्स एक पायरी वाढतो, पण दुसऱ्या पिढीपासून डिफेन्स कर्लनंतरच्या रोलआउट या चालीची पॉवर दुप्पट होते. प्रोटेक्ट आणि डिटेक्ट यांचे नाते याहून पक्के आहे. टाइप वेगळे, पीपी अनुक्रमे १० व ५, पण परिणाम एकच. आणि सलग वापराने यशाची शक्यता घटवणारी मोजणी दोघींना सामाईक आहे. एंड्युअर या चालीचा परिणाम निराळा असूनही तीही याच मोजणीत येते. येथे गट अभ्यासकाने पाडलेला नसून खेळाच्या नियमानेच तो ओळखलेला आहे, आणि असेच गट सर्वांत भरवशाचे होत.

या दृष्टीने अंतर्गत याद्या महत्त्वाच्या ठरतात. पहिल्या पिढीतच कराटे चॉप, रेझर लीफ, क्रॅबहॅमर आणि स्लॅश या चारच चालींची क्रिटिकल हिटसाठी (जादा इजा करणाऱ्या फटक्यासाठी) वेगळी यादी होती. तिसऱ्या पिढीत (२००२) चालीच्या नोंदीत खुणांचा बाइट आला. चाल देहस्पर्शाची आहे का, प्रोटेक्टने अडते का, हे त्यात नोंदलेले असे. ध्वनीच्या चालींची यादी स्वतंत्र होती. पुढे पोकेमॉनच्या अंगभूत क्षमतांपैकी आयर्न फिस्टने ठोशाच्या चालींना २० टक्के, स्ट्राँग जॉने चाव्याच्या चालींना ५० टक्के जादा जोर मिळू लागला. नावावर मात्र विसंबता येत नाही : सकर पंच ठोशांत मोडत नाही, बग बाइट चाव्यांत नाही.

टाइप एका चालीला सहसा एकच असतो. खुणांचे तसे नाही. नवव्या पिढीत (२०२२) कापणाऱ्या चाली आणि वाऱ्याच्या चाली असे दोन नवे गट आले, आणि तिसऱ्या पिढीतील एअर कटर दोन्हींत गणली गेली.