टेपवरच्या तपकिरी भुकटीपासून चिपपर्यंत

गावच्या जत्रेतल्या दशावताराची एक कॅसेट आमच्या घरात आहे, काकांनी रात्रभर रंगमंचाजवळ बसून टेप केलेली. यंदा पावसाळ्यात कपाट उघडलं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली. कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसली, तर कापसावर तपकिरी भुकटी उतरली. अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यावरून ओला हात फिरवला की लागते, थेट त्या रंगाची. दोन्हींचं मूळही एकच आहे, लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे आपल्या भाषेत गंज. माहिती साठवण्याच्या तंत्राचा पाऊणशे वर्षांचा मोठा भाग या गंजावरच उभा आहे.

सुरुवात तारेपासून झाली. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर आवाज टिपला. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदाच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी चढवली, आणि फितीचा जन्म झाला. पण फितीची एक अडचण कॅसेट वापरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: मधलं काही ऐकायचं तर सगळं गुंडाळत तिथवर जावं लागतं. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक हे यंत्र आणलं, ते यावरचंच उत्तर होतं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, त्यांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप, आणि हव्या त्या जागी थेट पोहोचणारं वाचक टोक. साधारण टनभर वजनाच्या त्या धुडात ५० लाख अक्षरं मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम पावणेचार एमबी.

चुंबकत्वाच्या नोंदींशी कोकणचं नातं मात्र याहून जुनं आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं गेलं. तिथल्या इमारतीसाठी दगड आणला तो पोरबंदरचा, कारण आपला काळा दगड आणि जांभा दोन्ही लोखंडाने भरलेले. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाने पृथ्वीच्या चुंबकत्वाला दिलेल्या हिसक्यांचे आकडे कुलाब्यातल्या निरीक्षकांनी हाताने उतरवून ठेवले होते, आणि शास्त्रज्ञ आजही त्यांचा अभ्यास करतात. मला हे फार मोलाचं वाटतं. कागद टिकला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तो जपला.

तबकड्यांची गोष्ट पुढे एकाच प्रश्नाभोवती फिरली: चुंबकाचा कण किती बारीक करायचा? कण लहान, तितकी जागा जास्त. पण तो फार लहान झाला की खोलीतली साधी उष्णतासुद्धा त्याच्या चुंबकत्वाची दिशा उलटवते आणि त्या दिशेत लिहिलेली नोंद पुसली जाते. यात पदार्थविज्ञान आहे, रसायन आहे, तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगणाऱ्या टोकाचं यंत्रशास्त्र आहे, आणि क्षीण संकेत ओळखण्याचं गणितही आहे. एका विभागाचं हे काम नव्हे. म्हणूनच १९८३ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्क क्रायडर यांनी चुंबकीय तंत्रज्ञानाचं केंद्र काढलं, आणि १९९० मध्ये अमेरिकी सरकारच्या विज्ञान निधीतून त्याचं माहिती-साठवण प्रणालींचं अभियांत्रिकी संशोधन केंद्र झालं. युरोपात १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना पातळ थरांमधला महाचुंबकरोध सापडला होता, म्हणजे जवळचं चुंबकत्व जरासं बदललं तरी थरांचा विजेला होणारा विरोध खूप बदलतो. १९९७ पासून हार्ड डिस्कची टोकं त्यावर चालू लागली, आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

चिपची वाट वेगळी. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या दावोन कांग आणि सायमन झी यांनी चहूबाजूंनी वीज न वाहू देणाऱ्या ऑक्साइडने वेढलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची युक्ती मांडली. त्यावरून तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी घडवली. आपला पेनड्राइव्ह म्हणजे तीच. फिरणारा भाग नाही, बुरशी धरेल अशी फीत नाही. पण कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात, आणि उष्णता वाढली की अधिक लवकर. आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं न लावता ठेवलेल्या पेनड्राइव्हवर मी भरवसा ठेवणार नाही.

पुढे चुंबक चिपवर परतला. १९९६ मध्ये आयबीएमचे जॉन स्लॉन्चेव्स्की आणि कार्नेगी मेलनचेच ल्यूक बर्गर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विद्युतप्रवाहाने चुंबकाची दिशा पलटता येईल असं गणिताने दाखवलं. त्यावर बेतलेल्या मेमरीत ना तरंगणारं टोक, ना झिरपणारे इलेक्ट्रॉन.

कॅसेटची एक बाजू शेवटी फाइलमध्ये उतरवून घेतली. अर्ध्या तासाचं दशावतार, सुमारे २८ एमबी, म्हणजे साधारण आठ रॅमॅक यंत्रांचा ऐवज. तीन ठिकाणी ठेवलाय. संकासुराच्या प्रवेशाला मागे काकांचा खोकला ऐकू येतो.